दोन जहाजांचा नवरदेव

माझ्या कपाटात तिसऱ्या फळीवर, डावीकडून सातवं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक इंग्रजी पुस्तक आहे. माझ्यामागे कपाट आवरताना ते कुणी रद्दीत घालू नये, म्हणून त्याची गोष्ट लिहून ठेवते आहे. दुसरं कारण जास्त घाईचं आहे. मी थोरल्या नातीशी खोटं बोलले आहे आणि ती इथे यायच्या आत मला ते कबूल करायचं आहे. दोघांनीही वाचा. धाकट्या नातवाने हे इंग्रजीत करून मागू नये. दोन सुट्ट्या बसवून मी तुझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली आहे.

आधी खोटं सांगते. थोरले, तू ज्याच्याशी लग्न ठरवलंस त्या मुलाचा आणि तुझा फोटो पाठवलास, तेव्हा मी चष्मा पुसून तो तीनदा पाहिला. बंदराचा धक्का, मागे पाणी, वाऱ्याने तुझे केस त्याच्या तोंडावर आलेले आणि तो डोक्यावरची टोपी धरून हसतो आहे. आईवडील घानातून विलायतेत आलेले, हा तिथेच जन्मलेला, शाळेत गणित शिकवतो. मुलगा काळा आहे. सावळा नाही, निमगोरा नाही, काळा. आणि तुझ्या चेहऱ्यावर त्या फोटोत जे आहे ते मी तुझ्या जन्मापासून कधी पाहिलं नव्हतं. मी बराच वेळ नुसती बघत बसले. दूध उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या. फोटो दाखव म्हणाल्या. धाकट्याने मला मोबाइलमध्ये फोटो कातरायला शिकवलं आहे. मी आत जाऊन तो कातरला. राहिलीस ती तू, आणि तुझ्या खांद्यावर पाच बोटं, तीही नखांपर्यंतच. "मुलगा लाजाळू आहे, फोटो काढून घेत नाही," मी म्हणाले. "विलायतेतला आहे, मास्तर आहे, खूप उंच आहे."

समोरच्या दुकानदाराची बायको म्हणाली, "अगं बाई, गोरा जावई! पोरं बघा कशी लोण्यासारखी होत्याल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या रात्री तू फोनवर विचारलंस, "आजी, तिथं सगळ्यांना सांगितलंयस ना? तो आधीच घाबरलाय." मी म्हणाले, "हो गं, केव्हाच."

हे ते खोटं. तुमची तिकिटं येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या, दोन दिवस आधीची आहेत. येळवशीला आपल्या खजुरी गावच्या शेतात अख्खी गल्ली जेवायला असते, रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून बसवतात. तिथे पन्नास तोंडं एकाच वेळी उघडी पडली असती आणि त्या मुलाने ती पाहिली असती. तूही पाहिली असतीस, आणि मग माझ्याकडे पाहिलं असतंस.

आता पुस्तकाची गोष्ट.

माझ्या लग्नाला तेव्हा तिसरं वर्ष होतं. मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, इथे आळंदच्या हायस्कुलात शिकवायची. सुट्टीत माझा भाऊ हैदराबादहून यायचा तेव्हा फुटपाथवर घेतलेली जुनी पुस्तकं पिशवीभर आणायचा. त्यात या प्रेमकथा असायच्या. दोनशे वर्षांपूर्वीची विलायत, घोडागाड्या, मेणबत्त्या, सरदारांच्या मुली. कव्हरावर उघड्या खांद्यांच्या बाया असायच्या, म्हणून मी घरात येताक्षणी त्यांना खाकी कागद चढवायची आणि वर स्वच्छ अक्षरात 'व्याकरण' असं लिहायची.

माझ्या सासूला, म्हणजे तुमच्या पणजीला, मी आत्याबाई म्हणायची. इकडे तसंच म्हणतात. आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं, पण श्रावणात पोथी ऐकायच्या त्या कान टवकारून. पोथी मी वाचायची, कारण घरात शिकलेली मीच. आणि त्यांचा एक नियम होता. वाचणारीकडून एक ओळ जरी गळली, तरी अध्याय पहिल्यापासून. त्यांना ओळ माहीत नसायची, पण गळली की कळायची. कसं कळायचं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या उन्हाळ्यात शेतातली चिंच घरी आली होती. दुपारी ओसरीवर बसून आम्ही तिघी चिंच फोडायचो. आत्याबाई, मी आणि शेजारची अक्का. अक्का तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती, घरात कन्नड बोलायची, आमच्याशी मराठी. चिंच संपली की मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे.

एके दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "रोज त्या व्याकरणात बघून हसायलीस, परवा रडत हुतीस. एवढं काय हाय त्यात? आम्हालाबी सांग की."

मग मी सांगायला लागले. इंग्रजी समोर धरून तोंडाने मराठी. आत्याबाईंनी आधी हात धुतले, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "हं, कर सुरू." खाकी कागदावर तो पिवळा डाग अजून आहे.

गोष्ट एका बंदराच्या गावातली होती. न्यायाधीशाची एक मुलगी. तिचा जीव जडला एका कप्तानावर, स्वतःची दोन जहाजं असलेल्या. कप्तानाचा बाप उसाच्या मळ्यांचा इंग्रज मालक आणि आई त्या मळ्यावरची आफ्रिकेतून आणलेली गुलाम बाई. बापाने त्याला शिकवलं, मोकळं केलं. तो बापाच्या रंगावर गेला नव्हता, आईच्या गेला होता. सगळी कथा त्या एका गोष्टीवर उभी होती.

आणि मी ती गोष्टच गाळली. कशासाठी गाळली याचा मी नंतर खूप विचार केला. आत्याबाईंना आवडणार नाही असं मी धरून चालले. शिकलेली मी, आणि यांना काय कळणार, असंही थोडं असेल. थोडं का, बरंच होतं. कप्तान आला, तिने पाहिलं, जीव जडला, एवढंच मी सांगितलं.

दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी चिंच खाली ठेवली.

"बाप पोरगी कामून देईना?"

"गरीब आहे ना तो, आत्याबाई."

"दोन जहाजं हायत म्हणलीस की काल."

अक्का फिसकन हसली. मी घाईने म्हणाले, "कर्ज आहे त्यांच्यावर."

"मग आज त्यानं देवळाला घंटा कशी दिली?" अक्का म्हणाली. घंटेचं मीच मघाशी वाचून दाखवलं होतं.

"जात वेगळी आहे," मी म्हणाले.

"गोऱ्यांतबी जात असती?" आत्याबाईंनी विचारलं आणि माझ्याकडे एकटक बघितलं. मी पान उलटलं.

त्या पानावर मेजवानी होती. कप्तानाला बोलावतात, कारण त्याच्या जहाजात गावातल्या प्रत्येकाचा माल असतो. तो कॉफी पितो, निघून जातो. मग घरची मालकीण चिमट्याने त्याचा कप उचलायला लावते आणि नोकराकडून मागच्या अंगणात फोडून घेते. न्यायाधीशाची मुलगी खिडकीतून ते बघते. हे मी जसंच्या तसं सांगितलं. सांगण्याच्या भरात ते गाळायचं भान राहिलं नाही.

आत्याबाई हलेनात. हातातला चिंचोका हातातच.

आमच्या ओसरीच्या बाहेरच्या भिंतीला एक देवळी होती. तिच्यात एक कानफुटका कप असायचा. गोठा झाडायला येणाऱ्या बाईला त्यात वरून चहा ओतत. ती पिऊन, धुऊन, परत देवळीत ठेवी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो कप बघत होते आणि मला तो दिसत नव्हता. त्या दुपारी आम्ही तिघींनी एकाच वेळी देवळीकडे बघितलं. कुणी कुणाला खूण केली नव्हती.

"कुठली ओळ गाळलीस?" आत्याबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. तो काळा आहे. त्याची आई आफ्रिकेतली, गुलाम होती.

"म्हंजे हबशी?"

"हो."

"मग तसं सांग की गं येडे!" त्या एकदम मोकळ्या झाल्या, जणू हरवलेली किल्ली सापडली. "माझं माहेर बीदरचं. आमच्या घरापासून हबशी कोटाची टेकडी दिसायची. वर हबशी सरदारांच्या कबरी हायत, घुमटाच्या. आम्ही पोरी तिथं सीताफळं खायला जायचो. माझी आजी सांगायची, पातशाहीत हे लोक समुद्रावरनं आले, काही विकत आणलेले, अन् त्यातलेच घोड्यावर बसून सरदार झाले. मोठमोठे. लोक मुजरा करायचे."

मी ऐकत राहिले. बीदरला मी बसने किती वेळा गेले होते. बस वळण घेते तेव्हा ते घुमट दिसायचे. तिकडे एकदा बघून मी पुन्हा पुस्तकातली विलायत वाचायची.

"अन् त्यांच्या बायका कुठल्या असतील?" आत्याबाई आता स्वतःशीच बोलायला लागल्या होत्या. "समुद्रावरनं बायका थोड्याच आणल्या. इथल्याच की. मग त्यांची पोरं कुठं गेली? हवेत गेली?" त्यांनी स्वतःचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. मग माझ्या डोक्यावरचा पदर सरकवून माझे केस बोटात घेतले. माझे केस कुरळे होते, तुझे आहेत तसेच, थोरले. "तू तरी कुणाची, कुणाला ठावं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

आळंद, बीदर आणि एकदा तुळजापूर यापलीकडे न गेलेली ती बाई चिंचेच्या ढिगाशेजारी बसून समुद्रापार बघत होती. आणि मला, मी जे पुस्तक वाचत होते, त्यातला माणूस पहिल्यांदा दिसला.

"आता पयल्यापासून," आत्याबाई म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी काही गाळलं नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली: काळा म्हणून सांगितल्यावर गोष्ट अवघड व्हायच्या ऐवजी सरळ झाली. बाप नाही का म्हणतो, लोक देवळात त्याच्या बाकावरून का उठतात, ती मुलगी रस्त्यात त्याचा हात धरते तेव्हा गाडीवान घोडे का थांबवतो, सगळं कळायला लागलं. अक्का मध्येच कन्नडमधून त्या बापाला शिव्या घालायची.

दुसऱ्या आठवड्यात देवळीतला कप दिसेना. गोठा झाडणाऱ्या बाईला आमच्याच पितळी पेल्यात चहा मिळायला लागला. आत्याबाईंनी सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. ती बाई शेवटपर्यंत ओसरीच्या खालच्या पायरीवरच बसायची आणि आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

शेवटची पानं राहिली त्या दिवशी अक्काने डब्यातून शेंगापोळ्या आणल्या. लग्न लागणार म्हणून. मी वाचायला लागले. शेवटच्या प्रकरणात एक म्हातारी दाई मरताना चिठ्ठी देते. कप्तान मुळात त्या गुलाम बाईचा नव्हेच. तो एका स्पॅनिश सरदाराच्या बायकोचा मुलगा, बाळपणी मळ्यावर सोडलेला. रंग उन्हाने रापलेला, इतकंच. न्यायाधीश त्याला मिठी मारतो. घंटा वाजते. लग्न.

मी पुस्तक मिटलं. आधी मी एकटीने ते वाचलं होतं तेव्हा या शेवटाला मी आनंदाने रडले होते. आत्याबाई म्हणाल्या ते परवाचं रडणं तेच.

अक्का शेंगापोळी मोडत म्हणाली, "लागलं बाई एकदाचं."

"कुणाशी लागलं?" आत्याबाई म्हणाल्या.

अक्काने शेंगापोळी खाली ठेवली.

"जिच्यापायी कप फुटला, ती आई कुठं गेली? त्या पोरीनं ज्याचा हात धरला त्यो कुठं गेला? ह्यो स्पेनचा का कुठला, ह्यो कोण? ह्याला तर ती वळखतबी न्हाई." त्यांचा आवाज चढला होता. "तिचा नवरदेव मारला की गं ह्यांनी. अन् वर घंटा वाजवायलेत."

मग म्हणाल्या, "त्याचं चित्र हाय का त्यात?"

पन्नासेक चिंचोके माझ्या मांडीवरून घरंगळले. मी तो खाकी कागद काढला. कव्हरावर दोघं होते. ती, उघड्या खांद्यांची, आणि तो, जहाजाच्या डोलकाठीपाशी. गोरापान. सोनेरी केसांचा. आतल्या पहिल्याच पानावर लेखिकेने त्याला काळा म्हटलं होतं.

आत्याबाईंनी ते पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"चित्रवाला भ्याला," त्या म्हणाल्या. "लिहिणारी भ्याली. अन् तू भ्यालीस. तिघं मिळून एका पोरीला भ्यालात."

त्या उठल्या आणि गुरांना पाणी दाखवायला गेल्या. मी कागद पुन्हा चढवला, आणि त्यावरचं 'व्याकरण' खोडून टाकलं. मी पुढे तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, जाडजाड टीकाग्रंथ वाचले, पण पुस्तक कसं वाचावं हे मी ज्या बाईकडून शिकले तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट आपल्या ओसरीवर घडली याचं आश्चर्य मला वय वाढेल तसं वाढतच गेलं आहे.

आणि हे सगळं माहीत असून, थोरले, मी तुझा फोटो कातरला.

तुझा फोन ठेवल्यावर मी झोपले, आणि पहाटे उठून खाकी पुस्तक काढलं. कव्हर उघडून त्या सोनेरी केसांच्या माणसाकडे बघितलं. तुझ्या खांद्यावरची ती पाच नखं आठवली. त्या चित्रवाल्याने निदान रंग खर्च केला होता. मी नुसतं बोट फिरवलं होतं.

काल मी बायकांना पुन्हा चहाला बोलावलं. अक्का काठी टेकत आली. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, पण जीभ तशीच आहे. दुकानदाराची बायको आली, आणखी चौघी आल्या. चहा दिला आणि मोबाइल अक्काच्या हातात ठेवला. अख्खा फोटो.

रस्त्यावरून उमरग्याची बस गेली.

"ह्यो कोण?" दुकानदाराची बायको म्हणाली.

"जावई," मी म्हणाले. "परवा मी खोटं बोलले. तो लाजाळू नाही. मी त्याला कातरून टाकला होता."

तिने कप खाली ठेवला. चहा अर्धाच पिऊन झाला होता. दुकान उघडं टाकून आले म्हणाली आणि गेली. येळवशीला येईल की नाही, मला माहीत नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

अक्काने फोटो दोन बोटांनी मोठा केला. आधी त्याचा चेहरा, मग तुझा, मग पुन्हा त्याचा. मग माझ्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी पन्नास वर्षांपूर्वी ओसरीच्या याच कोपऱ्यात पाहिलं होतं.

"अय्यो, पुन्हा तेच केलीस की गं तू! त्या दोन जहाजांच्या नवरदेवाला केली हुतीस तसं!" काठीने तिने माझ्या पायावर हलकं टोचलं. "म्हातारी असती तर काय म्हणली असती?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

"मग सांग की. त्याची आई कोण, बाप कोण, सगळं सांग. काय गाळू नगो."

मग मी सांगितलं. तू मला जेवढं सांगितलं होतंस तेवढं सगळं. त्याची आई दवाखान्यात परिचारिका होती, रात्रपाळ्या करून तिने दोघा मुलांना शिकवलं. त्याला तिखट चालतं. त्याने तुला लग्नाचं विचारलं ते बंदरावर, पावसात, आणि तू आधी हसलीस, मग रडलीस. एकीने विचारलं, त्याचे केस खरंच तसे कुरळे असतात का. मी म्हणाले, आल्यावर त्यालाच विचार. दुसरीने विचारलं, जेवताना हाताने जेवतो का. मी म्हणाले, हो, त्यांच्यातही हातानेच जेवतात. ती म्हणाली, मग बरं झालं, आपल्याला चमचे शोधायला नकोत.

जाताना अक्का दारात थांबली. तिला काहीतरी सुचलं होतं. "लई उंच हाय गं त्यो. येळवशीच्या कोपीत वाकून वाकून कंबर मोडंल त्याची."

कोप म्हणजे काय ते धाकटा विसरला असेल. शेतात कडब्याच्या पेंढ्यांनी केलेली ती पूजेची खोप. आत लक्ष्मी मांडतात आणि जोडप्याने आत जाऊन पूजा करायची असते. दर वर्षी ती तुमच्या आजोबांच्या उंचीची बांधत आलो आहोत आणि तुमचे आजोबा फार उंच नव्हते.

आज सकाळी मी खजुरीला शेतात फोन केला. कडबा जास्तीचा बाजूला काढून ठेवा म्हणून सांगितलं. कोप या वर्षी दोन हात उंच बांधायची आहे.